न तोडलेल्या झाडांचा ठराव

“आजोबा, ही झाडं तुम्ही साधारण कधी तोडणार होतात?” रेवती खांबेटेनं विचारलं.

तातू गुरवांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग देवळामागच्या राईकडे. लग्नाच्या मांडवात कुणी नवरीच्या बापाला घटस्फोटाची तारीख विचारावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“आमी?” ते म्हणाले. “नाय गो बाय. आमी कित्या तोडू?”

“कधीच नाही? नुसता विचारसुद्धा?”

“देवाची राय ती. पडलेली काटकी घराक नेणव नाय आमी.”

रेवतीनं ते लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिचा चेहरा उतरत गेला. “हे फार चांगलं आहे,” ती म्हणाली, “पण अडचणीचं आहे.”

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा मी एका साप्ताहिक पुरवणीत विनोदी सदर लिहीत असे, आणि दर आठवड्याला कुणाची तरी टोपी उडवून त्यावर चरितार्थ चालवत असे. धामणवाडी ही माझी सासुरवाड. मेहुणा उल्हास तिथल्या शाळेत मुख्याध्यापक आणि देवस्थान समितीचा सचिव. त्याचा फोन आला, “भावोजी, पुण्याची एक संस्था आपल्या राईच्या श्वासाचे पैसे देणार म्हणतेय. कागद मराठीत नीट लिहायला माणूस हवा.”

श्वासाचे पैसे म्हटल्यावर मला सदर दिसू लागलं. मी बॅग भरली. बायको म्हणाली, “माझ्या माहेरावर लिहायचं नाही.” मी म्हटलं, छे.

गावाला पैसे हवे होते ते साकवासाठी, म्हणजे पायी जायच्या छोट्या पुलासाठी. राईच्या पलीकडे गुरववाडी, अकरा घरांची. मध्ये व्हाळ, ओढाच म्हणा. उन्हाळ्यात दगडांवर पाय ठेवत ओलांडता येतो, पण पावसाचे चार महिने त्याला माणूस उतरत नाही. मग दवाखान्यासाठी, दुकानासाठी नऊ किलोमीटरचा वळसा. तातूकाकांच्या बायकोला, शेवंतीकाकींना, दर आठ दिवसांनी इंजेक्शन लागायचं आणि गुडघे तर पार गेलेले. मागल्या पावसात चार माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून तो वळसा घातला होता. श्रावणात तर खुर्चीचा पाय मोडला. साकवाचा अर्ज सरकारदरबारी अकरा वर्षं पडून होता. म्हणजे घरटी एक वर्ष.

“मॅडम, अडचण काय ती सांगा ना,” उल्हास म्हणाला. सकाळचे दहा वाजले होते. सभामंडपात आम्ही चौघेच.

त्या संस्थेकडून आलेली रेवती समजावून सांगू लागली. मुलगी साधी होती, तळमळीची होती आणि उकाड्यानं हैराण झाली होती. लांब कुठेतरी एक कारखाना धूर सोडतो. धूर कमी करायचा तर खर्च फार. त्यापेक्षा तो दुसरीकडची झाडं राखायला पैसे देतो. इथल्या झाडांनी जेवढा धूर गिळला, तेवढा त्यानं सोडलाच नाही असं धरायचं.

“पण सोडल्यान ना?” तातूकाका म्हणाले.

“सोडला. पण धरायचं.”

“बरां. आमची झाडां गिळतत ना धूर?”

“गिळतात. पण ती तशीही गिळणारच होती. तुम्ही ती तोडणारच नव्हतात. मग पैसे दिल्यामुळे नवीन काय झालं?” तिनं वहीचं एक पान आमच्यापुढे धरलं. “इथं रकाना आहे बघा. ‘राईला असलेला धोका.’ तो रिकामा राहिला तर अर्ज पुढे जात नाही.”

उल्हासनं चष्मा काढला. “मग कोळवड्याला कसे मिळाले? त्यांनी तर अर्धं रान ठेकेदाराला विकलं.”

“म्हणूनच,” रेवती म्हणाली. “उरलेलं अर्धं धोक्यात आहे, हे त्यांनी सिद्ध केलंय.”

“म्हणजे ज्यांनी तोडलं त्यांना पैसे. आणि ज्यांनी राखलं त्यांना?”

“तुमच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे, सर.”

मी सदर लिहिणारा माणूस. असं वाक्य मला सुचायला दोन दिवस लागले असते, आणि इथे ते फुकट पडलं होतं. मी ते टिपून घेतलं. शिवाय विचारलं, “कारखाना शंभर रुपये देतो, त्यातले गावापर्यंत किती पोचतात?”

“अठराएक.”

“बाकीचे?”

“झाडं मोजणारे असतात, मोजणी तपासणारे असतात, तपासणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे असतात.” ती थांबली. “मी त्यातलीच एक आहे. पण अठरा पोचतात हो. पूर्वी काहीच पोचत नव्हतं.”

अठरात साकव होत होता.

दुपारी उल्हासच्या पडवीत मी ठराव लिहिला. तुम्हांला सांगतो, चाळीस वर्षांत इतकं सरस काही माझ्या हातून उतरलं नाही. ‘गावाच्या निकडीच्या गरजा लक्षात घेता, जड अंतःकरणाने, राईतील एकशे बेचाळीस मोठी झाडे विकण्याचा विचार ग्रामस्थांच्या मनात प्रबळ होत असून...’ उल्हासनं वाचलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“एकशे बेचाळीस कुठून आणलंत?”

“दीडशे लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं.”

समितीतल्या दोघांनी वाचलं. त्यातला एक हळूच म्हणाला, “दर काय ठरलो?”

संध्याकाळी ठराव तातूकाकांच्या पुढे ठेवला. राईचे परंपरागत राखणदार म्हणून त्यांची सही लागणार होती. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

“बरां लिवलास,” ते म्हणाले. “पण ह्या खोटा.”

“तातूकाका, नुसता विचार होता, एवढंच लिहिलंय.”

“विचार नाय होतो. तेच्या दारात बसान मी असली सही करूचंय नाय.”

“आणि साकव?” उल्हास म्हणाला. “काकींना यंदा कोण उचलणार? खुर्ची पण नाही राहिली.”

तातूकाका पंच्याच्या टोकाची गाठ मारत आणि सोडत राहिले. मग म्हणाले, “विचार नाय होतो, तर आता करूया. देवाक इचारूया, झाडां तोडू काय म्हणान. इचारला म्हंजे विचार केलो. मगे कागद खरो.”

उल्हासचा चेहरा उजळला. “आणि देव नाही म्हणणार. म्हणजे झाड एकही तुटायचं नाही. कागद खरा, राय शाबूत.”

“पण देव नाही म्हणाला तर धोका राहत नाही,” रेवती म्हणाली. ती पायरीवर बसून पाणी पीत होती. “तुम्ही देवाचं ऐकता. देवानं अडवलं म्हणजे राय आपोआप सुरक्षित. रकाना परत रिकामा.”

“म्हणजे देवानं हो म्हणायला हवं?”

“मी असं सुचवत नाहीये, सर. मी फक्त रकान्याबद्दल बोलतेय.”

“देवाला विचारलेलं तुमच्या लोकांना चालेल का, मुळात?” मी विचारलं.

तिनं पानं उलटली. “‘स्थानिक निर्णयप्रक्रिया.’ आहे. अर्धं पान ठेवलंय त्याला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लावला. त्या गावची पद्धत अशी, की गुरव फुलांच्या ओल्या कळ्या देवाच्या मूर्तीवर दोन्ही अंगांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव निकाल सांगेपर्यंत बाकीच्यांनी डोळे मिटून उभं राहायचं. साठेक माणसं जमली होती. मी गाभाऱ्याच्या दारालगतच्या खांबापाशी होतो.

“बा देवा म्हाराजा,” तातूकाकांनी सुरू केलं.

“व्हय म्हाराजा,” साठ आवाज.

“आज पुण्यासून एक बाय इली हा. लांब खयतरी धूर होता. तो धूर तुज्या झाडांनी गिळूचो आसा रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आमच्या गुरववाडीक साकव व्हयो. तेच्यासाठी तुजी झाडां तोडूक तुजी परवानगी आसा काय नाय, तां सांग. मनात खोटा ठेवन इचारूक नाय रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही सगळे म्हणालो. मी पण म्हणालो.

मग समईचा चटचट आवाज तेवढा. कळीला पडायला कधी घटकाभर लागते असं म्हणतात. त्या दिवशी फार वेळ लागला नाही.

“उजवी,” तातूकाकांचा आवाज आला.

डोळे उघडले. इतक्या पिढ्यांत हा प्रश्न कुणी देवाला विचारलाच नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आता ते उत्तर चुकीचं निघालं होतं. एक म्हातारी राईकडे बघून म्हणाली, “मगे आमी इतकी वर्षां सरपण इकत कित्या घेतलाव?”

रेवतीनं अर्धं पान भरलं. उल्हासनं तातूकाकांपुढे ठराव धरला. ते म्हणाले, “उद्या. आज नको.”

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उल्हास मला गदागदा हलवत होता. “भावोजी, उठा. दाजी दळवी आलाय.”

दाजी दळवी म्हणजे कोळवड्याचं रान घेतलेला ठेकेदार. बातमी त्याच्याकडे काल दुपारीच पोचली होती. आम्ही पोचलो तेव्हा तो राईत उभा राहून किंजळीच्या बुंध्याला फीत लावत होता. हातात लाल रंगाचा डबा. सहा झाडांवर एक ते सहा आकडे पडले होते, सातवा ओला होता.

“दाजी, हे काय चालवलंयस?” उल्हास म्हणाला.

“मास्तर, एकशे बेचाळीस म्हणान ऐकलंय. मोजूक नको?”

“अरे, तो कागद पैशांसाठी आहे. तोडण्यासाठी नाही.”

“तोडूचा नाय तर देवाक इचारलास कित्या?”

दाजीच्या मागे गावातलेच पाचसहा जण उभे होते. एकानं कालच वासे मोजले होते. त्याच्या घराचं छप्पर वाकलं होतं. तो म्हणाला, “मास्तर, तुमका साकव व्हयो, तर आमका वासे नको? देवान सगळ्यांकच परवानगी दिल्यान.”

“सरकारी कायदा आहे—”

“कायदो मी बघतंय,” दाजी शांतपणे म्हणाला. “थंय अडचण नाय. भीती देवाची होती. ती काल गेली.”

तेवढ्यात तातूकाका आले. दगड सोडून व्हाळातूनच घाईनं आले असावेत, पाय घोट्यापर्यंत भिजले होते. त्यांनी किंजळीवरचा सात हा आकडा पाहिला. खांद्यावरचा पंचा काढून ते पुसू लागले. रंग गेला नाही, आणखी पसरला. थोडा वेळ पुसत राहिले. मग झाडाकडेच तोंड ठेवून म्हणाले, “उजवी नाय होती.”

“काय?” उल्हास म्हणाला.

“कळी. डावी पडली. मी खोटा सांगलंय.”

दाजीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. “म्हंजे नाय?”

“नाय.”

“तातू, नक्की काय ता सांग. काल हो, आज नाय. माझो रंग फुकट गेलो.”

“पन्नास वर्सां मी देवाचा सांगणा तुमका सांगतंय,” तातूकाका म्हणाले. “एकदाच माजा सांगलंय. तोडू नको.”

ज्याचे वासे वाकले होते तो आधी निघाला. मग बाकीचे. जाताना प्रत्येक जण तातूकाकांपासून जरा लांबून गेला. समिती तिथंच दहा मिनिटं बसली आणि ठरलं, की वर्षभर पूजा त्यांच्या पुतण्यानं करावी. कौल तातूकाकांनी यापुढे लावू नये. उल्हासनं ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “होय, बरोबर आसा.”

आता रेवती फाइल मिटणार, असं मला वाटलं. ती मात्र दाजी दळवीच्या मागे धावली.

“एक मिनिट. ती फीत परत झाडाला लावता का? फोटो हवाय.”

दाजी गोंधळला, पण त्यानं लावली. पोट आत घेऊन उभा राहिला.

“मॅडम, संपलं ना आता?” उल्हास म्हणाला. “देव नाही म्हणाला. रकाना रिकामा.”

“नाही सर, उलट.” तिच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला होता. “देव नाही म्हणाला, तरी चोवीस तासांत झाडांवर आकडे पडले. म्हणजे देवाचं संरक्षण पुरेसं नाही. देवाचा नकार माणसाच्या तोंडून येतो, आणि माणूस तो बदलू शकतो. हाच धोका आहे. खराखुरा. मला काही वाकवावं लागणार नाही.” ती माझ्याकडे वळली. “सर, हे मराठीत नेमकं लिहाल?”

मी लिहिलं. किंजळीखाली बसून, तिचीच वही मांडीवर घेऊन. रकाना लहान होता, वाक्य एकच बसणार होतं. ‘राईस मुख्य धोका : राईचे परंपरागत राखणदार, तातू बाबी गुरव, यांच्या निवेदनाची अविश्वासार्हता.’ अविश्वासार्हता हा शब्द मी खोडून परत लिहिला, कारण पहिल्यांदा शेवटचा काना राहिला होता.

तातूकाकांनी विचारलं, “काय लिवलास?”

मी वाचून दाखवलं. त्यांना शब्द कळला नसावा. “म्हंजे राईक धोको कोणाचो?”

“तुमचा,” मी म्हणालो.

“माजो.”

“कागदावर, आजोबा,” रेवती पटकन म्हणाली. “नुसतं कागदावर. पूजा नसली तरी राखणदार तुम्हीच आहात, सही तुमचीच लागेल. पण तुम्हाला नको असेल तर...” तिनं वाक्य पुरं केलं नाही. खरोखर तिलाही ते नको होतं. डोळे भरले होते तिचे.

तातूकाकांनी व्हाळाच्या बाजूला पाहिलं. पलीकडे त्यांच्या घराचा कोपरा दिसत होता. त्यांनी पेन घेतलं. रकान्याखाली सही केली.

साकव दीड वर्षानं झाला, आणि चांगला झाला. परदेशातून तपासणीला माणूस आला होता. त्यानं म्हणे आपल्या अहवालात लिहिलं, की इतका प्रामाणिकपणे भरलेला धोक्याचा रकाना त्यानं दुसरीकडे कुठे पाहिला नाही. शेवंतीकाकी साकवावरून पुढची सहा वर्षं काठी टेकत दवाखान्यात जात होत्या. राय उभी आहे. कारखानाही चालू असावा. सगळ्यांचं भलं झालं, असं म्हणायला हरकत नाही, आणि मी तसं म्हणून पाहतो अधूनमधून.

पण त्या दिवशी सही झाल्यावर मी तातूकाकांना घरापर्यंत सोडायला निघालो. व्हाळात पाणी जेमतेम होतं. ते पुढे, मी मागे, एकेक दगड.

“पेपरात लिवतलास काय ह्या?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“नाही.”

“कित्या? मस्करी बरी जमता तुमका.”

“कुणाची करू ते कळत नाही, तातूकाका.”

“माका पण कळणा नाय,” ते म्हणाले. “ती बाय वायट नाय. उन्हाळो वाढलो हा, तां पण खरा. ह्यो व्हाळ पयलो मे म्हयन्यात कंबरभर असायचो. कोणतरी धूर करता, तेचो दंड भरता, तो दंड आमका गावता. आणि आमी काय केला? आमी काय्येक केलाव नाय. तेचे पैशे. आणि मी पन्नास वर्सां केलंय, तर मी धोको.” ते हसले. “जाव दे. बायलेक उचलूक माणसां शोधूक नको आता.”

ते एका मोठ्या दगडावर थांबले आणि माझ्याकडे वळले.

“कळी पडली तेवा मी मागे बघितलंय. सगळ्यांचे डोळे मिटलेले. तुमचे उघडे होते.”

डोळे मिटायची सवय मला नाही. खांबापाशी उभा राहून मी सदरासाठी बघत होतो. डावी कळी सुटून देवाच्या पायाशी पडली, ती मला समईच्या उजेडात लख्ख दिसली होती.

“दिसला ना तुमका?”

“दिसलं.”

“मी वाट बघितलंय. म्हटलंय, शिकलेलो माणूस, गावचो जावय. तुमी ‘डावी’ म्हणान एकदा बोललास असतास, तर माझी जीभ वळाक नसती. तुमी खाली बघितलास.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. काल दुपारी काय जेवलो ते सांगावं, तसं ते सांगत होते. “म्हणान माका धीर इलो.”

मग त्यांनी हात पुढे केला, कारण मधला दगड निसरडा होता.